नव्या डेस्कटॉपवर जुनी एक्सपी चालवायची आहे, व्हर्च्युअल मशीनसाठी कुठलं सॉफ्टवेअर बरं?

जुळारी

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि अधूनमधून गावातल्या लेखकांची पुस्तकं. जुनं सगळं काम पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या जोडीला एक जुनं मराठी टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर आहे, ते यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली असलेलं छोटं उपकरण) लावल्याशिवाय उघडत नाही. हे दोन्ही एका विंडोज एक्सपीच्या मशीनवर चालतं. त्या मशीनने आता शेवटचे आचके द्यायला सुरुवात केली आहे. थंडीत तर सकाळी तीन-चारदा बटण दाबल्याशिवाय जागंच होत नाही.

म्हणून नवा डेस्कटॉप घेतला. रायझन ५ ५६००जी, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई, विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज. विकणारा म्हणाला, "मॅडम, व्हीएम टाका, एक्सपी त्याच्यात चालेल." व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, एवढं कळलं. कुठली टाकू विचारलं तर म्हणाला, फोन करा. आता फोन उचलत नाही.

दुसरी गरज मुलीची. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये चालवायचं साधन) लागतं म्हणते. दोघींना एकच मशीन वापरायचंय.

नेटवर वाचलं, पण जो तो आपलंच घोडं पुढे दामटतोय. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, हायपर-व्ही, यातलं माझ्या कामाला कुठलं? फुकट असेल तर उत्तम, पण दुकानात वापरायचंय, त्यामुळे चोरीचं काही नको.

तिरपागडा

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही असंच एक म्हातारं मशीन आहे.

सर्व्हररूम

ताई, "कुठलं चांगलं" हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या बाबतीत निवड डोंगल करणार आहे.

हायपर-व्ही आधीच बाद. एक तर ते विंडोजच्या प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांतच मिळतं, होममध्ये नाही. आणि समजा प्रो असतं तरी मशीनला लावलेलं यूएसबीचं उपकरण उचलून आतल्या मशीनला थेट देणं हायपर-व्हीला जमत नाही. सर्व्हरसाठी मी रोज तेच वापरतो, मला ते आवडतं, पण डोंगल म्हटलं की हात टेकतो.

उरले दोन, व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो. दोघंही यूएसबी आत देतात.

आता परवान्याचं बघा, कारण दुकान आहे म्हणालात. वर्कस्टेशन १९९९ पासून आहे आणि बरीच वर्षं चांगलं महाग होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. मे २०२४ मध्ये वर्कस्टेशन प्रो घरगुती वापराला फुकट झालं आणि नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यालासुद्धा. पूर्वीचं फुकट "प्लेअर" बंद झालं, त्याच्या मागे लागू नका. डाउनलोडसाठी ब्रॉडकॉमच्या साइटवर खातं उघडावं लागतं, तेवढा सोपस्कार आहे.

व्हर्च्युअलबॉक्स मूळ इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीचं. २००७ मध्ये मुक्त स्रोत झालं (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सकडे गेलं आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे. मूळ पॅकेज जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, दुकानात बिनधास्त वापरा. पण डाउनलोडच्या पानावर खाली "एक्स्टेन्शन पॅक" म्हणून वेगळी फाइल असते, ती घेऊ नका. तिचा परवाना निराळा आहे. वैयक्तिक वापराला चालते, धंद्यासाठी पैसे मोजावे लागतात. पूर्वी यूएसबी २ आणि ३ साठी तो पॅक लागायचा म्हणून अजूनही जुने लेख "टाकाच" म्हणतात. आवृत्ती ७ पासून (२०२२) यूएसबीचा तो भाग मूळ पॅकेजमध्येच आला आहे.

माझं मत विचाराल तर एक्सपीसाठी व्हर्च्युअलबॉक्स. डोंगल तिथे रुसलं तर व्हीएमवेअर.

पेंग्विनपंत

विंडोज ११ पुसा आणि थेट लिनक्स टाका. केव्हीएम ही व्हीएम चालवायची सोय २००७ पासून खुद्द लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आहे, आवृत्ती २.६.२० पासून. ती हाताळायला व्हर्ट-मॅनेजर घ्या, एक्सपी आत, डोंगल आत, आणि मुलीला उबंटू बाहेरच. एकाच दगडात दोन पक्षी. व्हीएम लागेल ती फक्त एक्सपीला. परवान्याची कटकट नाही, खातं उघडायचं नाही, कुणी कंपनी विकत घेतली तर झोप उडायची नाही.

जुळारी

पंत, तुमचं पटतंय, पण नव्या मशीनवर कोरल ड्रॉ चालवायचंय. फ्लेक्सवाला, स्टिकरवाला, ट्रॉफीवाला, सगळे कोरलचीच फाइल मागतात. शिवाय जीएसटीचं बिलिंग आणि प्रिंटरचे ड्रायव्हर. विंडोज हलवता येणार नाही.

पेंग्विनपंत

कोरल आलं की आमचं तोंड बंद. मग सर्व्हररूम म्हणतात ते करा.

बिटबाई

सर्व्हररूमशी ९० टक्के सहमत. राहिलेले १० टक्के मात्र महत्त्वाचे आहेत.

खरी मेख मुलीच्या डॉकरमध्ये आहे. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप टाकलं की ते बाय डिफॉल्ट डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय) वापरतं. डब्ल्यूएसएल २ म्हणजे पोटात एक छोटी व्हीएम, तिच्यात खराखुरा लिनक्स कर्नल. ती चालते मायक्रोसॉफ्टच्याच हायपरवायझरवर (व्हीएम चालवणाऱ्या इंजिनावर). म्हणजे होममध्ये हायपर-व्हीचा मॅनेजर दिसत नसला तरी इंजिन खाली सुरू होतं. आणि ते सुरू झालं की प्रोसेसरच्या व्हर्च्युअलायझेशनवर पहिला हक्क त्याचा. व्हर्च्युअलबॉक्सला मग त्याच्या मागच्या दाराने काम करावं लागतं.

व्हर्च्युअलबॉक्स ६ च्या आधी तर मशीन सुरूच व्हायचं नाही. आता होतं, पण रेंगाळतं. ओळखायचं कसं, तर व्हीएमच्या खिडकीत खाली उजवीकडे छोट्या चित्रांची रांग असते. शेवटाकडे प्रोसेसरचं चित्र असतं, त्यावर नेहमी "व्ही" असतो. त्याजागी हिरवं कासव दिसलं तर समजा, विंडोजचा हायपरवायझर मध्ये बसलाय. चित्र चेष्टेनेच ठेवलं असणार, पण अगदी चपखल आहे.

आणखी एक. डॉकर नसतानाही कासव येऊ शकतं. विंडोज ११ मध्ये "कोअर आयसोलेशन" खाली "मेमरी इंटिग्रिटी" असते, नव्या मशीनवर बहुधा आधीपासून चालू. तीही त्याच हायपरवायझरवर उभी आहे.

त्यामुळे मुलीला डॉकर डेस्कटॉप न देता व्हर्च्युअलबॉक्समध्येच उबंटूचं दुसरं मशीन करून द्या. त्याच्या आत साधं डॉकर इंजिन टाकायचं. कंटेनर त्या उबंटूचाच कर्नल वापरतात, त्यांना आत आणखी व्हीएम लागत नाही. अभ्यासासाठी हे जास्त बरं, कॉलेजच्या लॅबमध्येही उबंटूच असेल.

सर्व्हररूम

+१. डॉकर डेस्कटॉपचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. वर्कस्टेशनचंही तसंच आहे. १५.५.५ आवृत्तीपासून (२०२०) ते विंडोजच्या हायपरवायझरवर बसून चालतं, आणि माझ्या मते व्हर्च्युअलबॉक्सपेक्षा सफाईने चालतं. त्या अवस्थेत व्हीएमच्या आत व्हीएम मात्र करता येत नाही. डब्ल्यूएसएल सोडायचंच नसेल तर मी वर्कस्टेशनकडे झुकेन.

गोंयकार_मास्तर

अवांतर: मी म्हापशाला शिकवतो, घरी एम१ चा मॅक मिनी आहे. "मॅकवर एक्सपी चालेल का" असं कुणी विचारलंच तर आधीच सांगून ठेवतो. ॲपलची चिप एआरएम जातीची, तिच्यावर एआरएमचं विंडोज ११ छान चालतं, पॅरलल्स या व्हीएम-सॉफ्टवेअरवर तर मायक्रोसॉफ्टच्या संमतीने, पण त्याला पैसे मोजावे लागतात. एक्सपी मात्र इंटेलच्या भाषेत लिहिलेली, तिला एआरएमवर शब्दन् शब्द उलथवत चालवावं लागतं. यूटीएम नावाच्या व्हीएम-सॉफ्टवेअरमध्ये होतं ते, आणि यूटीएम फुकट आहे. पण आत पेजमेकरची मोठी फाइल उघडून काम करायचं म्हणजे संन्यास घ्यावा लागेल.

जुळारी

सगळ्यांचे आभार. व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, एक्स्टेन्शन पॅक घेतला नाही. मशीन बनवलं आणि स्टार्ट दाबलं तर म्हणतंय, "एएमडी-व्ही बायोसमध्ये बंद आहे". आता?

सर्व्हररूम

घाबरू नका, एएमडी-व्ही म्हणजे प्रोसेसरची व्हीएम चालवायची सोय, खूपशा मदरबोर्डांवर ती बंदच येते. मशीन रीस्टार्ट करून डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंग) तिचं नाव "एसव्हीएम मोड", ते शोधा. प्रत्येक बोर्डावर जागा वेगळी, बहुतेक ॲडव्हान्स्डमध्ये सीपीयूच्या आसपास. एनेबल करा, एफ१० ने सेव्ह करा. इंटेलवाल्यांकडे त्याचंच नाव व्हीटी-एक्स किंवा "इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी". नंतर विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स, मग सीपीयू. उजवीकडे खाली "व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड" दिसलं की झालं.

एक्सपी कुठून टाकणार? परवाना कसला आहे?

जुळारी

परवाना डब्यासकट विकत घेतलेला आहे, मशीनबरोबर आलेला नाही. सीडी आहे, पण नव्या मशीनला सीडी ड्राइव्हच नाही.

सर्व्हररूम

डब्याची प्रत असेल तर उत्तम. मशीनबरोबर आलेला ओईएम परवाना त्याच मशीनला बांधलेला असतो, तो व्हीएममध्ये नेता येत नाही. जुन्या मशीनवर इमगबर्न या प्रोग्रॅमने सीडीची आयएसओ फाइल (जशीच्या तशी नक्कल) काढा आणि पेन ड्राइव्हवर आणा.

जुनी हार्डडिस्क जशीच्या तशी उचलून व्हीएममध्ये घालू नका. होतं, पण एक्सपी ज्या डिस्क कंट्रोलरवर जन्मली त्याचाच ड्रायव्हर धरून बसते. दुसरा दिसला की निळा पडदा आणि ७बी चा कोड. कोरी टाकलेली बरी.

मशीन बनवताना एवढं बघा. आयएसओ निवडली की व्हर्च्युअलबॉक्स आपणहून इन्स्टॉलेशन करायला निघतं. "स्किप अनअटेंडेड" ला टिक करा, पायऱ्या स्वतः बघत करा. प्रकार एक्सपी ३२ बिट. रॅम १ जीबी पुरे, पेजमेकरला त्याहून जास्त दिलीत तरी तो काही वेगाने धावणार नाही. प्रोसेसर एक. डिस्क २० जीबी, "डायनॅमिक" ठेवा, म्हणजे भरेल तेवढीच जागा खाईल. डिस्कचा कंट्रोलर आयडीईच राहू द्या, साटा केलात तर एक्सपीला डिस्क दिसणार नाही. डिस्प्लेला व्हीबॉक्सव्हीजीए.

आणि ते मशीन वनड्राइव्हने सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवू नका! विंडोज ११ मध्ये डॉक्युमेंट्स फोल्डर कधी वनड्राइव्हमध्ये गेला हे कळतसुद्धा नाही. सरळ डी ड्राइव्ह करा किंवा सी वर वेगळा फोल्डर.

बिटबाई

यूएसबीचं मी सांगते, कारण लोक तिथेच अडकतात. सेटिंगमध्ये यूएसबी ३ निवडू नका. एक्सपीकडे यूएसबी ३ चा (एक्सएचसीआय) ड्रायव्हर नाही. २.० ठेवा, डोंगल फारच जुनं असेल तर १.१. डोंगल नव्या मशीनच्या निळ्या पोर्टात लावलं तरी हरकत नाही, व्हीएमला आत काय दाखवायचं ते या सेटिंगवर ठरतं.

मग व्हीएम बंद असताना यूएसबीच्या पानावर अधिकच्या चिन्हावर क्लिक करून डोंगलचा फिल्टर जोडा. यानंतर व्हीएम चालू असताना डोंगल लावलं की ते थेट आत जाईल आणि विंडोज ११ मधून नाहीसं होईल. गेलं कुठे म्हणून शोधत बसू नका, तसंच व्हायला हवं. डोंगलचा ड्रायव्हर एक्सपीच्या आत टाकायचा. बाहेर विंडोज ११ वर टाकायची गरज नाही, उलट जुने डोंगल ड्रायव्हर विंडोज ११ वर टाकूच नका.

दूरदेशी

वाचतोय. मी न्यू जर्सीला असतो, इथल्या मंडळाच्या जुन्या अंकांच्या पेजमेकर फाइली माझ्याकडे पडून आहेत. ताई, एक भाबडा प्रश्न. एकदाच सगळं युनिकोडमध्ये आणून इनडिझाइनमध्ये का नेत नाही? व्हीएम म्हणजे दुखणं पुढे ढकलणं नाही का?

जुळारी

नवीन काम सगळं युनिकोडमध्येच करतो हो. प्रश्न पुनर्मुद्रणाचा आहे.

जुन्या फाँटांत अक्षरं खरी देवनागरी नसतात, आतमध्ये इंग्रजी खुणा असतात आणि फाँट त्यांना मराठी मुखवटा घालतो. कन्व्हर्टर आहेत, मजकूर बराचसा येतो. पण जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी इथे चुका निघतात आणि अख्खं पुस्तक पुन्हा प्रूफ वाचावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे फाँट बदलला की ओळी बदलतात. एक ओळ पुढे सरकली की पान सरकतं, अनुक्रमणिका चुकते. छपाई १६ पानी फॉर्म्याने होते, त्यात दोन पानं वाढली तर अख्खा फॉर्मा वाढतो. लेखक म्हणतो, "ताई, नुसत्या ३०० प्रती परत छापायच्यात, एवढा खर्च कशाला?" त्याचं बरोबरच आहे.

इनडिझाइनचं म्हणाल तर सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरची फाइल उघडायच्या. नंतरच्या सीसीमध्ये ती सोय काढून टाकली.

दूरदेशी

कळलं. म्हणजे तुमच्या व्हीएमची मलाही गरज आहे. वाखूसा (वाचनखूण साठवली).

तिरपागडा

एक शंका. एक्सपीला इंटरनेट द्यायचं का? आतमध्ये अँटिव्हायरस कुठला टाकावा?

सर्व्हररूम

देऊच नका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. सेटिंगमध्ये नेटवर्कच्या पानावर "नॉट अटॅच्ड" निवडा. केबलच काढून टाकल्यासारखं होतं. नेट नाही तर अँटिव्हायरसचीही फारशी गरज नाही, फक्त बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह आत देऊ नका. तो आधी विंडोज ११ वर तपासा, मग हवी तेवढीच फाइल शेअर्ड फोल्डरमधून आत पाठवा.

शेअर्ड फोल्डरला गेस्ट ॲडिशन्स टाकावी लागतात. व्हीएमच्या डिव्हाइसेस मेनूत शेवटी आहे. माउस आणि पडद्याचा आकारही त्यानेच सुधारतो. माउस आत अडकला तर उजवीकडचं कंट्रोल बटण.

जुळारी

मंडळी, एक्सपी उभी राहिली! नव्या मशीनवर ते हिरवं कुरण पाहून मुलगी खो खो हसली. डोंगल पहिल्या झटक्यात दिसलं नाही. बिटबाईंनी सांगितल्याप्रमाणे २.० करून फिल्टर जोडल्यावर आत गेलं, आणि टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं.

पण कासव आहे! मेमरी इंटिग्रिटी बंद केली, रीस्टार्ट केलं, तरी हटत नाही. मुलीने आधीच डब्ल्यूएसएल टाकून ठेवलं होतं असं आता कबूल करतेय.

बिटबाई

हाहा, मला वाटलंच होतं. हटवायचं असेल तर "टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ" उघडा. तिथे "व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म", "विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म" आणि "विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स" या तिन्हींच्या टिक काढा आणि रीस्टार्ट करा. डब्ल्यूएसएलमध्ये तिचं काही काम असेल तर आधी बाहेर कॉपी करून घ्या.

मात्र त्याआधी एक विचारते. कासवासकट एक्सपी कितपत हळू वाटते? पेजमेकर म्हणजे काही व्हिडिओ एडिटिंग नव्हे. त्रास होत नसेल तर मेमरी इंटिग्रिटी पुन्हा चालू करा आणि कासवाला राहू द्या. ती सोय विंडोजच्या सुरक्षेसाठी असते, उगाच बंद ठेवू नये. वेगाच्या हौसेपायी लोक ती बंद करून बसतात, ते मला पटत नाही.

सर्व्हररूम

इथे मी थोडा असहमत. एक्सपीचं ठीक, पण मुलीचं उबंटू कासवावर चालवायचं म्हणजे वैताग. डेस्कटॉपच्या खिडक्या ओढताना कळेल.

बिटबाई

मग उलटं करा ना. कासव येणारच असेल तर उबंटू व्हर्च्युअलबॉक्समध्ये हवंच कशाला? मुलीला डब्ल्यूएसएलच राहू दे. त्यातच उबंटू, त्यातच डॉकर इंजिन. ते मायक्रोसॉफ्टच्या इंजिनावर मालकासारखं बसतं, त्याला कासवाचा प्रश्नच नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये फक्त एक्सपी. माझा आधीचा सल्ला डब्ल्यूएसएल नाहीच असं धरून दिला होता.

फक्त डब्ल्यूएसएलला मेमरीची मर्यादा घाला. बाय डिफॉल्ट ते मशीनच्या निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे तुमच्याकडे ८ जीबीपर्यंत. शिवाय ५६००जी चं ग्राफिक्स त्याच रॅममधून वाटा उचलतं. मुलीला सांगा, युजरच्या फोल्डरात डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची फाइल असते, नावाच्या आधी टिंब. नसेल तर बनवायची. त्यात मेमरी ४ जीबी लिहायची. तिला कळेल.

जुळारी

मुलगी म्हणते, "कोण आहेत या बिटबाई, यांना भेटायचंय."

दिवसभर काम करून पाहिलं. १८० पानांचं पुस्तक उघडायला जुन्या मशीनपेक्षा वेळ कमीच लागला, कासव असूनही. एसएसडीचा परिणाम असावा. मेमरी इंटिग्रिटी परत चालू केली. कासव राहू दे.

आता अडलंय ते प्रिंटपाशी. एक्सपीमधून आमच्या नव्या लेझर प्रिंटरवर प्रिंट कशी द्यायची? त्याला एक्सपीचा ड्रायव्हरच नाही.

पेंग्विनपंत

एक्सपीतून प्रिंटरपर्यंत जाऊच नका. पेजमेकर मुळातच पोस्टस्क्रिप्टवाला (पोस्टस्क्रिप्ट म्हणजे प्रिंटरला पान समजावून सांगायची भाषा). एक्सपीत आधीपासून असलेल्या यादीतला एखादा पोस्टस्क्रिप्ट लेझर प्रिंटर निवडून टाका, पोर्ट "फाइल" ठेवा. प्रिंट देताना पोस्टस्क्रिप्ट फाइल शेअर्ड फोल्डरात लिहा, फाँट आत बसवायला विसरू नका. विंडोज ११ वर घोस्टस्क्रिप्टने तिची पीडीएफ होते, फुकट. ती पीडीएफ कोणत्याही प्रिंटरवर छापा, प्लेटवाल्यालाही तीच द्या. बघा, शेवटी मुक्त स्रोतच कामाला आलं.

जुळारी

पंत, दंडवत! डिस्टिलर (पोस्टस्क्रिप्टची पीडीएफ करणारा प्रोग्रॅम) आमच्या जुन्या मशीनवर होतंच, ते एक्सपीत टाकलं आणि आतच पीडीएफ केली. प्लेटवाल्याने चार पानं तपासून दिली. रफार, अर्धा र, सगळं जागेवर.

व्हीएमचा स्नॅपशॉटही (त्या क्षणीची जपून ठेवलेली अवस्था) घेऊन ठेवला. आता बॅकअपची काळजी नाही ना?

सर्व्हररूम

आहे! स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही. तो त्याच डिस्कवर, त्याच फोल्डरात असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. शिवाय स्नॅपशॉट घेतल्यानंतरचा प्रत्येक बदल वेगळ्या फाइलीत साठत जातो. वर्षभर विसरलात तर ती मूळ डिस्कपेक्षा जाडजूड होईल. काही नवीन टाकण्याआधी स्नॅपशॉट घ्या, सगळं नीट चाललं की काढून टाका.

बॅकअपसाठी एक्सपी पूर्ण शटडाउन करा. मग फाइल मेनूतून "एक्स्पोर्ट अप्लायन्स" करून ओव्हीए फाइल (अख्ख्या व्हीएमची एकच फाइल) बाहेरच्या डिस्कवर ठेवा. उद्या हे मशीन गेलं तर दुसऱ्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाकून ती आत घ्यायची, झालं. व्हीएमवेअरसुद्धा ओव्हीए बहुतेक वेळा उघडतं, म्हणजे पुढे मागे मन बदललं तरी अडणार नाही. पेजमेकरच्या फाइली मात्र एक्सपीच्या डिस्कमध्ये ठेवू नका, शेअर्ड फोल्डरात ठेवा, त्यांचा बॅकअप रोजचा वेगळा.

डोंगलची ओव्हीए निघत नाही, ते कपाटात जपून ठेवा.

छापखाना_सोलापूर

उशिरा आलो. आमचं डोंगल यूएसबी नाही, प्रिंटरच्या मागच्या जुन्या २५ पिनांच्या पोर्टात बसणारं आहे. नव्या मशीनला तो पोर्टच नाही. यूएसबी टू पॅरलल केबल घेतली तर व्हीएममध्ये चालेल का?

बिटबाई

नाही चालणार. त्या केबली फक्त प्रिंटरसाठी असतात, संगणकाला त्या "यूएसबी प्रिंटर" म्हणूनच दिसतात. डोंगल खऱ्या पॅरलल पोर्टाचा पत्ता धरून बोलतं, तो पत्ता त्या केबलमध्ये नसतोच. पैसे घालवू नका. आधी सॉफ्टवेअरवाल्यांना विचारा, यूएसबी डोंगल बदलून मिळतं का. काही कंपन्या जुनं घेऊन थोड्या पैशांत देतात.

छापखाना_सोलापूर

कंपनीच राहिली नाही.

सर्व्हररूम

मग व्हीएमचा नाद सोडा आणि जुनं मशीनच टिकवा. सगळ्यात आधी हार्डडिस्क जाणार, तिची इमेज (जशीच्या तशी नक्कल) आजच काढा. डिस्क आयडीई आहे की साटा?

छापखाना_सोलापूर

चपटी रुंद केबल आहे, करड्या रंगाची.

सर्व्हररूम

आयडीई. यूएसबी टू आयडीई अडॅप्टर घ्या, वेगळ्या पॉवरच्या वायरसकटचा. डिस्क काढून नव्या मशीनला जोडा आणि क्लोनझिला या प्रोग्रॅमने इमेज काढा. विंडोज "डिस्क फॉरमॅट करू का" म्हणालं तर नाही म्हणा. इमेज झाली की इथे सांगा, तीच पुढे आयडीई टू साटा अडॅप्टर लावून छोट्या एसएसडीवर उतरवू. एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) मॉडेलही लिहून ठेवा, जुन्या बाजारात अजून मिळतात.